टिचकीच्या तबकडीवरचे बारा

प्रिय टिचकीच्या आई,

मायना सुचेपर्यंत चहा गार झाला. पूर्वी तुला ज्या नावानं पत्र लिहायचो ते आता लिहिता येत नाही, आणि नुसतं ‘प्रिय’ लिहून पुढे स्वल्पविराम टाकला तर ते विमा कंपनीच्या पत्रासारखं दिसायला लागतं. म्हणून हे. निदान या नावाला तरी कुणाची हरकत नसावी, तुझ्या घरातल्या डॉक्टरांचीही नाही. पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंय, कारण घरी आलं असतं तर दारातून उचलून ते आधी टिचकीनंच वाचलं असतं. आणि आधीच सांगतो, घाबरू नकोस. माझी तब्येत ठीक आहे. गोळ्या चालू आहेत, सकाळी उठतो, दाढी करतो, शाळेत जातो, मुलांवर ओरडतो. ज्या माणसाला तू सोडून गेलीस त्याच्या मानानं हे बरंच म्हणायचं. मी कसला हक्क सांगायलाही बसलेलो नाही.

जे सांगायचं ते पहिल्यांदाच सांगून टाकतो, नाहीतर चार पानं इकडचं तिकडचं लिहून पाकीट बंद करीन आणि पुन्हा हिंमत होणार नाही. या वर्षी मी टिचकीला दर आठवड्याला बघत आलोय. पडद्यावर. हे मी ठरवून केलेलं नाही, एवढा विश्वास ठेव. तिची शाळा आणि आमची शाळा एकाच संस्थेच्या आहेत, हे मलाही माहीत नव्हतं. तिच्या शाळेतले विज्ञानाचे सर वर्षाच्या सुरुवातीलाच नोकरी सोडून गेले, दुसरे मिळेनात, तेव्हा संस्थेनं तोडगा काढला की आमच्याकडचा विज्ञानाचा तास तिकडे पडद्यावर दाखवायचा. त्यांची मुलं आम्हाला दिसतात, आमची त्यांना, आणि मी दोघांनाही. तिकडे भाषेच्या बाई वर्गात बसून शिस्त सांभाळतात. एका पगारात दोन शाळा. तास घ्यायला कोण, तर इथला विज्ञान शिक्षक, म्हणजे मी.

पहिल्या तासाला मी पडद्याकडे नीट बघितलंही नव्हतं. फिकट निळी भिंत, मागे नकाशा, एक मिचमिचणारी ट्यूब, आणि चाळीसेक डोकी. मी आपला माझ्या नादात शिकवत होतो. तेवढ्यात खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर एका मुलीनं खोडरबराला बोटानं टिचकी मारून ते उडवलं आणि दुसऱ्या हातानं वरच्या वर झेललं. तुला आठवतं ना? मटारचे दाणे, शर्टाची बटणं, माझा चष्मा, काही म्हणजे काही सोडायची नाही. नाव ठेवलंय सुरेख, आणि आपण हाक मारायचो टिचकी. मी बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबलो. आमच्या वर्गातला चष्मिस म्हणाला, सर हँग झाले. सगळे हसले, तिकडचेही हसले. हजेरीच्या वेळी बाईंनी तिचं नाव घेतलं तेव्हा नावापुढे डॉक्टरांचं नाव होतं. ते ऐकून वाईट वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. वाईट वाटलं नाही, फक्त त्या दिवशी बाकीचा तास मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

खरं म्हणजे त्याच दिवशी मोठ्या बाईंकडे जाऊन सांगायला हवं होतं की हा तास दुसऱ्या कुणाला तरी द्या. ती मोठी होईपर्यंत मी समोर यायचं नाही, हे आपण ठरवलं होतं, आणि ठरवलं होतं म्हणजे मीच तुला म्हणालो होतो. तेव्हा मला माझाच भरवसा नव्हता. उद्या सकाळी आपण पलंगावरून उठणार की नाही हे ज्याला माहीत नाही, त्यानं चार वर्षांच्या पोरीला कुठल्या तोंडानं सांगायचं की बाबा उद्या भेटतो? तू ऐकलंस, शब्द पाळलास, आणि पुढे डॉक्टरांसारखा भला माणूस तुला भेटला, हे सगळं चांगलंच झालं. ती त्यांना बाबा म्हणते, म्हणणारच. दात बघायला म्हणून का होईना, ते तिला रोज तोंड उघडायला लावत असतील आणि ती हसत असेल. मला हे सगळं कळतं. तरीही मी मोठ्या बाईंकडे गेलो नाही. पुढच्या आठवड्यात इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेलो. शिपाईमामा म्हणाले, आज काय, बघायला येणार आहेत की काय कोणी?

बरेच महिने काही झालं नाही. मी तिच्याशी इतर मुलांपेक्षा एक शब्द जास्त बोललो नाही, उलट चार कमीच. हात वर केला तरी दुसऱ्याला विचारायचो. तेवढ्यावर माझं भागत होतं. ती केस कापून आली ते कळलं, सर्दी झाली ते कळलं, शेजारच्या मैत्रिणीशी कट्टी झाली आणि पुढच्या आठवड्यात बट्टी झाली, तेही. बाप म्हणून एवढी माहिती पुष्कळ झाली, असं मी स्वतःला समजावत होतो. तुला हे सगळं कळलंच नसतं. वर्ष संपलं असतं, नवे सर आले असते, विषय मिटला असता. पण मध्ये सूर्यघड्याळाचा धडा आला आणि मी माती खाल्ली.

धडा सावलीपासून सुरू होतो. आमच्या वर्गाच्या खिडकीतून सकाळचं ऊन समोरच्या भिंतीवर पडतं. मुलं पेंगुळलेली होती, त्यांना जरा जागं करावं म्हणून मी काही न सांगता उन्हात हात धरला आणि भिंतीवर शेळी काढली. हात आपोआप गेला, शपथेवर सांगतो. माझं पहिलं बोट लहानपणी कपाटाच्या दारात सापडून वाकडं झालंय ते तुला माहीत आहेच, त्यामुळे माझ्या शेळीचं एक शिंग मोडकं असतं. दोन्ही वर्ग खो खो हसले. मोडक्या शिंगाची शेळी, मोडक्या शिंगाची शेळी, असा गलका झाला. पडद्यावर सगळे हसत होते आणि खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरची एक मुलगी हसत नव्हती. ती उठून उभी राहिली होती. बाईंनी खाली बस म्हटलं तेव्हा बसली.

तू ऑफिसला जायचीस, पडदे ओढलेले असायचे, मी भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचो. ती पलंगावर चढायची, टेबलाचा दिवा लावायची आणि माझा हात ओढून काढायची. शेळी कर. मी बोलत नसायचो, जेवत नसायचो, पण शेळी करायचो. त्या दोन वर्षांत बाप म्हणून मी केलेलं काम एवढंच. मला वाटायचं, चार वर्षांची पोर, काय लक्षात राहणार. तिनं तुला मध्यंतरी कधी विचारलं का, की भिंतीवर शेळी कोण करायचं? विचारलं असेल तर तू काय सांगितलंस हे मला जाणून घ्यायचं नाही. पण ती त्या दिवशी उभी राहिली, एवढं तुला माहीत असावं.

त्या धड्यात मी मुलांना सांगितलं की सूर्यघड्याळाला मनगटावरच्या घड्याळाशी काही देणंघेणं नसतं. ज्या जागी सूर्य सगळ्यात वर येईल, तिथे तेव्हा बारा. त्यांचं गाव आमच्या पूर्वेला, म्हणून त्यांच्याकडे बारा आधी, आमच्याकडे अर्ध्या तासानं. मुलांना याची भारी गंमत वाटली. मग तिनं हात वर केला. इतका वेळ वर धरला की बाईंनीच सांगितलं, सर, हिला काहीतरी विचारायचंय. तिनं विचारलं, तुमच्या गावाची वेळ आमच्या अंगणात दाखवणारं घड्याळ करता येईल का? आवाज थोडा तुझ्यासारखा झालाय. मी म्हटलं, करता येईल, पण दुसऱ्या गावची वेळ बघून तुला काय करायचंय? सगळे हसले. मास्तर लोकांना असे हशे आवडतात, मलाही त्या क्षणी आवडला. ती खाली बसली.

घड्याळं पुठ्ठ्याची केली. गोल तबकडी, तिच्या मधोमध आरपार खोचलेली विणकामाची सुई, तबकडी विटेला टेकवून तिरपी ठेवायची आणि सुईचं टोक उत्तरेला करायचं. मग सुईची सावली तबकडीवर फिरते. सावली सरळ खाली येईल तिथे बारा लिहायचे आणि तिथून सारख्या अंतरावर बाकीचे आकडे. ज्या दिवशी बारा लिहायचे होते त्या दिवशी दोन्ही शाळा आपापल्या मैदानात. तिकडे बाईंनी फोन खांबाला बांधला होता, इकडे चष्मिस फोन धरून उभा होता. त्यांची सावली आधी सरळ झाली आणि तिकडून आरडाओरडा झाला, आमचे बारा वाजले! आमच्यातला एक ओरडला, तुमच्या चेहऱ्यावरून वाटतंच. खूप धमाल चालली होती. लिहून झाल्यावर बाईंनी त्यांच्या मुलांना डबे खायला पाठवलं. मैदान रिकामं झालं. एकटी ती आपल्या तबकडीपाशी उकिडवी बसून राहिली होती. मला वाटलं, हिचं राहिलंय. मी फोनमधून म्हणालोसुद्धा, अगं, डबा खा जा, ऊन लागेल. तिनं मान हलवली आणि बसूनच राहिली. पुढे आमची सावली सरळ झाली, आमची मुलं बारा म्हणून ओरडली, तेव्हा ती वाकली, पेन्सिलीनं एक खूण केली आणि तबकडी उचलून पळत आत गेली. मी हे डोळ्यांनी बघितलं आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. विज्ञान शिकवतो मी.

पुढच्या तासाला प्रत्येकानं आपलं घड्याळ कॅमेऱ्यासमोर आणून दाखवायचं होतं. चांगली झालेली तिकडे भिंतीवर लावणार होते. कुणाचे आकडे वेडेवाकडे, कुणी सुईऐवजी पेनची रिफिल खोचलेली, एकानं तर तेराही लिहिले होते. मग तिची पाळी आली. तिनं तबकडी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. आकडे छापल्यासारखे, अंतरं मोजून मापून, कुठे खाडाखोड नाही. फक्त बारा सरळ खाली नव्हते. अंगठ्याच्या नखाएवढे बाजूला होते. बाई म्हणाल्या, बघा, एवढी मेहनत केली आणि बाराच चुकवले, त्या दिवशी डबा सोडून काय करत होतीस? मुलं हसली. बाईंचं काही चुकलं नाही, त्यांच्याजवळच्या सूचनेत बारा सरळ खाली असंच लिहिलंय, ती सूचना मीच पाठवली होती. ती बाईंकडे बघत नव्हती. ती कॅमेऱ्याकडे बघत होती.

आणि तेव्हा मला कळलं. मुलं चुकतात तेव्हा एखादा आकडा चुकतो, दोन चुकतात. इथे बारापासून सगळेच्या सगळे आकडे सारखेच सरकलेले होते, त्यांच्या आणि आमच्या बारांमध्ये जेवढं अंतर तेवढेच. तिनं त्यांचे बारा लिहिलेच नव्हते. सगळी मुलं डबा खात असताना ती माझ्या बारांची वाट बघत उन्हात बसली होती. तिच्या शाळेच्या मैदानात ठेवलं की माझ्या गावाची वेळ सांगणारं घड्याळ केलं होतं पोरीनं, आणि ते दोन्ही हातांनी धरून मला दाखवत होती. मला एकच वाक्य बोलायचं होतं. हे चुकलेलं नाही. पण ते बोललो असतो तर बाईंनी विचारलं असतं, मग हे कुठलं, आणि तिनं सांगितलं असतं कुठलं, आणि मग कशासाठी, तेही. दोन वर्गांसमोर, ऐंशी पोरांसमोर. तुला दिलेला शब्द आठवला, डॉक्टर आठवले, माझी नोकरीही आठवली, खोटं कशाला बोलू. मी पडद्याकडे न बघता म्हटलं, बरं, पुढचं घड्याळ.

त्यानंतर ती खिडकीजवळ बसली नाही. शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून, मान खाली. खोडरबर उडवणं बंद. तिकडच्या भिंतीवर घड्याळं ओळीनं लागली, तेरा आकड्यांचंसुद्धा लागलं, तिचं नव्हतं. मी सहज म्हणून बाईंना विचारलं, सगळ्यांची लावली का? त्या म्हणाल्या, एकीनं आपलं घरी नेलं, टाकून दिलं असेल, हल्ली फार घुमी झालीय. हा शब्द ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. मलाही आधी सगळे घुमाच म्हणायचे. मी तिला फक्त वाकडं बोट दाखवलं होतं, ते दुसरं काही तिच्याकडे गेलं नसू दे, एवढंच मागतो. तू तिच्याकडे लक्ष ठेव. हे सांगायचा मला अधिकार नाही, पण ज्यानं त्या अंधारात दिवस काढलेत त्याच्याइतकं ते कुणाला ओळखू येणार?

गेल्या आठवड्यात या वर्षाचा शेवटचा एकत्र तास झाला. धडा पचनसंस्थेचा होता. तास संपता संपता मी उन्हात हात धरला आणि काही कारण नसताना भिंतीवर शेळी काढली, बराच वेळ धरून ठेवली. मुलं हसली, चष्मिस म्हणाला, सर, हिची पचनसंस्था दाखवा. शेवटचा बाक रिकामा होता. बाई म्हणाल्या, तिला ताप आहे, दोन दिवस आलेली नाही. पुढच्या वर्षापासून तिकडे नवे सर येणार आहेत, म्हणजे पडदा बंद. एका अर्थी सुटलो, आता तुला दिलेला शब्द पाळायला मला काही करावंच लागणार नाही.

म्हणून हे पत्र. भेट मागत नाही, फोन मागत नाही, फोटोही नको. ताप उतरला की तिला एवढंच सांग, तिचं घड्याळ चुकलेलं नाही. कुणी सांगितलं असं विचारलं तर म्हण, सरांचा निरोप आहे. सर म्हण, दुसरं काही सांगायचं की नाही ते तू आणि डॉक्टर मिळून ठरवा, जे ठरवाल ते मला मान्य आहे. आणि मी तिला विचारलं होतं ना, की दुसऱ्या गावची वेळ बघून तुला काय करायचंय, तर सांग की सरांना उत्तर कळलं, जरा उशिरा कळलं. ती तबकडी अजून घरात असेल तर टाकू देऊ नकोस. कपाटाखाली, गादीखाली, असेल कुठेतरी, ती अशा वस्तू टाकणारी मुलगी नव्हे. गच्चीत ऊन येतं तिथे विटेला टेकवून ठेव. सावली तिच्या बारावर आली की इथे आमच्या मैदानात बरोबर बारा वाजलेले असतात. मधल्या सुट्टीत मी तिथेच उभा असतो.

‘तुझाच’ असं लिहून गेलो होतो, हाताची जुनी सवय. ते खोडलंय.

तिचाच,
सर